ओहोटीचे मैदान

शाळा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी एकदा आम्हाला विचारले, "तुमच्या वेळापत्रकात खेळाचा तास दर आठवड्याला बदलतो कसा?" आम्ही म्हणालो, "साहेब, आमचे मैदान रोज त्याच वेळी हजर नसते." साहेबांना वाटले आम्ही थट्टा करतो आहोत. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिले. मग त्यांना खिडकीपाशी नेऊन नारळाच्या झाडांपलीकडचे पाणी दाखवले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले.

डहाणूला लागून समुद्राच्या बाजूला आगर आहे. आगर या शब्दाला आमच्या किनाऱ्यावर दोन अर्थ आहेत. नारळी-पोफळीची वाडी म्हणजे आगर, आणि मीठ पिकवतात तेही आगर. एकाच शब्दात गोड पाणी आणि खारे पाणी. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शाळा कोणती ते सांगण्याची गरज नाही, कारण अशा शाळा कोकणापासून मराठवाड्यापर्यंत पुष्कळ आहेत: चार भिंती, वर पत्रा किंवा स्लॅब, पुढे एक अंगण आणि अंगणात मावतील त्यापेक्षा जास्त मुले. परिपाठाला रांगा लावल्या की शेवटची रांग पायऱ्यांवर जाते. लेझीम करायची तर निम्मी मुले वर्गात आणि निम्मी अंगणात. कबड्डीचे तर नावच नको. म्हणून आम्ही समुद्राकडे गेलो.

इथला किनारा ओहोटीला लांबच लांब उघडा पडतो. वाळू ओली, घट्ट, पायाला न टोचणारी. काठीने रेघा ओढल्या की दहा मिनिटांत मैदान तयार. चुना नको, फक्की नको. अडचण एकच. समुद्र शाळेच्या घंटेवर चालत नाही. आज चारला उघडी पडलेली वाळू उद्या पाऊण-एक तास उशिरा उघडी पडते, आणि आठवड्याने पाहावे तर खेळाच्या तासाला पाणी बंधाऱ्याला लागलेले.

सुरुवातीला आम्ही मुलांना घेऊन जायचो आणि पाणी पाहून परत यायचो. एकदा असेच परतताना जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने हाक मारली. "मास्तर, तिथी बघून निघत जा ना!" तिथीला पाऊणपट करायची, येईल तो पूर्ण भरतीचा तास, तिथून सहा तासांवर ओहोटी. हा हिशोब कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला पाठ असतो. आम्ही दोन पदव्या घेतलेली माणसे वाळूवर उभे राहून तोंडी पाढा म्हणू लागलो. तेवढ्यात आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, तिथी आपल्याला कुठे माहीत असते? आपल्याला चांद माहीत असतो."

त्याचे खरे होते. आमच्या घरांतून चांदाची तारीख कुणाला तरी ठाऊक असतेच. आम्ही दुसऱ्या दिवशी फळ्यावर हिशोब मांडला. चंद्रकोर दिसते ती साधारण द्वितीयेला, म्हणजे चांदाच्या तारखेत एक मिळवला की तिथी मिळते. चांदाची बारा, तर तिथी तेरा. तेराची पाऊणपट पावणेदहा. सकाळी पावणेदहाला भरती पूर्ण, आणि तिथून सव्वासहा तासांनी, चारच्या सुमारास, ओहोटी पूर्ण. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस संध्याकाळी मैदान आमचे. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती, त्या आठवड्यात वर्गात बुद्धिबळ आणि कॅरम. दहा-पंधरा मिनिटे इकडेतिकडे होतात, पण कबड्डीला तेवढी चालतात.

त्या एका हिशोबात अपूर्णांक होते, भूगोल होता, दिनदर्शिका होती, आणि आमचा तांडेल व आमचा मुलगा एकाच चंद्राकडे दोन बाजूंनी पाहत होते हेही होते. बी.एड.ला आम्ही प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास' असे लिहीत असू. त्या तीन शब्दांनी आम्हाला बरेच गुण मिळवून दिले. त्यांचा अर्थ मात्र कुठल्याही टाचण वहीत सापडला नव्हता; तो असा वाळूवर सापडला.

अभ्यासाचे म्हणाल, तर उर्दू माध्यमाच्या मुलाची कसरत बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. त्याची गणिताची ओळ उजवीकडून सुरू होते. मधे समीकरण आले की डावीकडून उजवीकडे वाचायचे. समीकरण संपले की डोळा पुन्हा उलटा वळवायचा. मराठीच्या तासाला अक्षरभारती उघडले की ळ आणि ण समोर उभे. घरी कुणी उर्दू बोलते, कुणी गुजराती मिसळलेली बोली, बाजारात वारली बाया भाजी विकतात त्यांच्याशी मराठी. इतक्या भाषांतून वाट काढणाऱ्या मुलाला 'याची भाषा कच्ची आहे' असे म्हणणारे लोक भेटले की आम्हाला हसावे की रडावे कळत नाही. त्याची एकही भाषा कच्ची नाही. त्याला एकही भाषा पुरती मिळालेली नाही, ही खरी गोष्ट आहे.

यावर उपाय म्हणून आम्ही हस्तलिखित सुरू केले. ते दोन्ही बाजूंनी उघडते. उजवीकडच्या मुखपृष्ठापासून उर्दू, डावीकडच्या मुखपृष्ठापासून मराठी. दोन्ही मजकूर चालत चालत मधल्या पानावर भेटतात. पहिल्या वर्षी त्या मधल्या पानावर काय घालायचे यावर मुलांची भांडणे झाली. उर्दूवाल्यांना नज्म हवी, मराठीवाल्यांना सुविचार. शेवटी एका मुलीने तोडगा काढला: तिथे भरती-ओहोटीचा तक्ता घालू, म्हणजे तो दोघांनाही लागेल. ही मुलगी कोण, ते पुढे येईल. तिचे नाव मात्र सांगणार नाही. का, तेही पुढे कळेल.

थंडीत आम्ही मुलांची सहल बोर्डीला नेली. डहाणूपासून पंधरा-सतरा किलोमीटर, एस.टी. नरपड, चिखले, घोलवड करत चिकूच्या वाड्यांतून जाते. मुलांना समुद्र पाहायचा नव्हता, तो रोजचाच. आम्हाला त्यांना एक शाळा दाखवायची होती. बोर्डीचे सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल १९२० सालचे. ते चालवणारी गोखले एज्युकेशन सोसायटी त्याच्या दोन वर्षे आधी, १९१८ मध्ये स्थापन झालेली. आचार्य भिसे, आचार्य चित्रे अशा माणसांनी तिथे हयात घातली. शंभरी ओलांडलेली शाळा बाहेरून पाहतानाच मुले गप्प झाली. मग एकाने विचारले, "सर, सुनाबाई पेस्तनजी कोण?" आम्ही सांगितले, हे पारशी नाव आहे. तो म्हणाला, "आणि गोखले?" आम्ही सांगितले, पुण्याचे नामदार गोखले, गांधीजी ज्यांना गुरू मानत. "मग शाळा मराठी का?" कारण गावातल्या मुलांना तीच भाषा जवळची होती. मुलगा थोडा वेळ विचार करत राहिला. त्याच्या मनात शाळा म्हणजे आपल्या जमातीने आपल्या मुलांसाठी काढलेली वस्तू होती. पारशी बाईच्या नावाची, ब्राह्मण नेत्याच्या नावाच्या संस्थेची, कोळ्या-भंडाऱ्यांच्या गावात मराठी शिकवणारी शाळा त्याने पहिल्यांदा पाहिली. तो प्रश्न आम्ही परीक्षेत कधीच विचारणार नाही, पण त्या सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले.

परतीच्या वाटेवर त्यांना कोसबाडच्या टेकडीची गोष्ट सांगितली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि लहान मुलांसाठी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडला नेले. वारली मुले शाळेत येईनात. का येईनात याची चौकशी केली, तेव्हा कळले की ती गुरे राखतात. तेव्हा या बायांनी पालकांना दोष दिला नाही. जिथे गुरे चरतात तिथे शाळा नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. आज देशभर अंगणवाडी हा शब्द चालतो, त्याचे मूळही या दोघींच्या कामात आहे. वर्गातल्या मुलांना ही गोष्ट आवडली, कारण तिच्यात गुरे होती. आम्हाला ती का लागली, ते आम्हाला वर्षभराने समजले.

आता त्या मुलीकडे येतो.

ती नववीत होती. अंगाने काटक, आवाज बारीक, पण चढाईला निघाली की समोरच्या सात जणी मागे सरत. दम लांब, आणि पाय असे की ओल्या वाळूवर ठसा उमटायच्या आत उचललेला. सतरा वर्षांखालील मुलींच्या तालुका स्पर्धेसाठी आमच्या शाळेने पहिल्यांदाच संघ पाठवायचे ठरवले. बाकी मुलींच्या घरून होकार आले. हिच्या घरून आला नाही.

आम्ही घरी गेलो. आम्ही म्हणजे आमच्यातल्या एक बाजी आणि एक सर. वडील टेम्पो चालवतात. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा आला. आई पडद्यामागे उभी होती आणि दादी पलंगावर. वडील भांडले नाहीत. त्यांनी अटी घातल्या. पूर्ण पायघोळ पँट, डोक्यावर स्कार्फ, सोबत बाजी, मगरिबच्या आत घरी, आणि शेवटची अट: फोटो नाही. पलंगावरून दादी हळूच म्हणाली, "हम भी तो कूदते थे रस्सी, किसी ने देखा नहीं बस." सगळे हसले. आम्ही शब्द दिला.

सामना एका आश्रमशाळेच्या मुलींशी पडला. त्या वारली मुली अनवाणी खेळल्या आणि वाऱ्यासारख्या खेळल्या. आमच्या मुली वाळूवर तयार झालेल्या. मातीच्या कठीण मैदानावर त्यांचे गुडघे फुटले. तीन गुणांनी आम्ही हरलो. पण हिने एका चढाईत तिघींना बाद केले तेव्हा समोरच्या संघाच्या बाईंनीही टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर दोन्ही संघ एका झाडाखाली बसले. त्यांच्याकडे भाकरी आणि चटणी, आमच्याकडे चपाती आणि अंडी. डबे इकडचे तिकडे झाले. त्या मुलींनी आमच्या मुलींना विचारले, "तुम्ही उलटं लिहिता ते दाखवा ना." हिने काडीने धुळीत त्यांची नावे उर्दूत लिहून दिली. आम्ही उभे राहून पाहत होतो. आमच्यातल्या एकाला राहवले नाही. मोबाईल काढला, फोटो घेतला, आणि आनंदाच्या भरात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. त्याच्याखाली लिहिले, 'हमारी शेरनियां'.

मगरिबच्या आत मुली घरी पोचल्या. फोटो त्यांच्या आधी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. फोटोत वाईट काहीच नव्हते. झाडाखाली बसलेल्या मुली, डब्यांची झाकणे, धुळीतली अक्षरे. आम्ही तेच म्हणालो, "यात वाईट काय आहे?" त्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "मास्टरसाब, बुरा कुछ नहीं है. बच्ची मेरी थी, फोटो सबकी हो गई. और ज़बान आपने दी थी." एवढे बोलून ते गेले. मुलगी शाळेत येत राहिली. किनाऱ्यावर येणे बंद झाले. तिच्यामागोमाग आणखी दोघींचे.

त्या दिवसांत आम्ही आपापसात पुष्कळ बोललो. पहिल्यांदा जे बोललो त्याची आज लाज वाटते. समाज मागासलेला, पालक अडाणी, मुलींच्या नशिबी हेच. आमच्या सभांतून आणि विशेषांकांतून हे शब्द तयारच असतात, नुसते उचलायचे. फातिमा शेख यांचे नाव घेतले की आम्ही टाळ्या वाजवतो. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल आम्ही भाषणांत वापरतो. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुले सुमारे ३ टक्केच आहेत, हा त्यातला आकडा आम्ही बाहेरच्यांच्या तोंडावर फेकतो. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू आम्ही कधी पाहिली नव्हती. मदरशात जाणारी ३ टक्के, तर बाकीची बहुतेक मुले तुमच्या-आमच्यासारख्यांच्या शाळांच्या भरवशावर आहेत. मग प्रश्न समाज काय करतो एवढाच उरत नाही. शाळा काय करते, शाळेचा शब्द किती टिकतो, हाही प्रश्न आहे.

टेम्पो चालवणाऱ्या त्या माणसाने मुलीला खेळू दिले होते. जमातीतली चार माणसे काय म्हणतील हे ठाऊक असून दिले होते. त्याने भिंतीला एक दार पाडले आणि उंबरठ्यावर एकच अट ठेवली. ती अट आम्हाला पटत नव्हती, हे खरे. पण पटत नव्हती तर त्याच दिवशी, चहा पिताना, तसे सांगायचे होते. आम्ही मान डोलावली आणि मागून मोडली. दार त्याने लावले असे आम्ही म्हणत होतो. ढकलले आम्हीच होते. तेव्हा कोसबाडच्या त्या दोन बाया आठवल्या. मूल येत नाही म्हणून त्यांनी पालकाच्या समजुतीवर व्याख्यान दिले नाही. मूल जिथे आहे तिथवर त्या चालत गेल्या.

चालत जायला आम्हाला चार महिने लागले. फोटो काढणारा आमच्यातला कोण होता हे महत्त्वाचे नाही. कौतुकाचे अंगठे आम्ही सगळ्यांनीच दाखवले होते. एका जुम्म्याला नमाजनंतर आम्ही त्यांना मशिदीबाहेर गाठले. कारणे सांगितली नाहीत. फक्त म्हणालो, "भाई, गलती हमारी थी." ते बराच वेळ टेम्पोची किल्ली बोटावर फिरवत राहिले. मग म्हणाले, "देखेंगे."

मधल्या काळात ती मुलगी गप्प बसलेली नव्हती. रोज सकाळी परिपाठाच्या आधी ती फळ्याच्या कोपऱ्यात चांदाची तारीख, भरतीची वेळ आणि ओहोटीची वेळ लिहीत असे. तिला स्वतःला जायचे नव्हते, तरी इतर मुली कधी जाऊ शकतील ते ती मोजून ठेवी. त्या कोपऱ्याकडे पाहणे आम्हाला जड जाई. हस्तलिखिताचे मधले पान त्या वर्षीही तिनेच केले. या खेपेला तक्त्याखाली तिने बारीक अक्षरात दोन्ही भाषांत एक सूचना लिहिली होती: 'वेळ अंदाजे आहे. पाणी स्वतः पाहून उतरावे.'

'देखेंगे'चा निकाल जून उजाडल्यावर लागला. ती दहावीत गेली होती. वडील प्रवेशाच्या पावतीसाठी आले आणि जाता जाता म्हणाले, ती खेळणार नाही, पण गुण लिहायला बसली तर चालेल. "हिसाब उसका अच्छा है." आम्ही लगेच हो म्हणालो आणि या वेळी आपण कशाला हो म्हणतो आहोत ते आधी नीट ऐकून घेतले.

तेव्हापासून आमच्या किनाऱ्यावर एक नियम आहे. रेघा ओढण्याआधी सर्व शिक्षकांचे मोबाईल एका कापडी पिशवीत जातात. पिशवी गुणलेखिकेच्या मांडीखाली. नियम कागदावर कुठेच नाही, पण मोहल्ल्यात सर्वांना माहीत आहे. त्या दोन मुली परत आल्या. आठवीच्या चौघी नव्या आल्या. ती स्वतः रेघेबाहेर वही घेऊन बसे, चढाईचे सेकंद तोंडाने मोजी, आणि नवख्या मुलीचा पाय चुकीचा पडला की वहीतून मान वर न काढता सांगे, "टाच नको, चवड्यावर." एकदा सराव सामना अगदी बरोबरीत असताना ती उठून रेघेपर्यंत धावत आली. रेघेवर थांबली. तिच्या चपला मागे वाळूत राहिल्या होत्या. आमच्यातल्या कुणीच काही बोलले नाही.

ही गोष्ट यशाची आहे असे आम्ही म्हणणार नाही. यश म्हणायचे तर ती खेळायला हवी होती. कदाचित जिल्ह्यापर्यंत गेली असती, विभागापर्यंत गेली असती. नियमात बसले असते तर दहावीला खेळाचे वाढीव गुणही मिळाले असते. ते आमच्या एका बोटाच्या दाबाने गेले आणि परत आले नाही. ती दहावी चांगल्या गुणांनी पास झाली. आज अकरावीला आहे, विज्ञान शाखेत; लोकलच्या वेळा आता ओहोटीसारख्या पाठ करते. आमच्या जागी कुणी दुसरे असते तर एवढे तरी उरले असते की नाही, हे आम्ही स्वतःला विचारत नाही. आमच्या जागी आम्हीच होतो.

साहेबांनी मागितलेला खुलासा आम्ही पुढे लेखी दिला. 'शाळेस क्रीडांगण नसल्याने समुद्राच्या ओहोटीनुसार तास घेतला जातो, सबब वेळ बदलते.' साहेबांनी त्यावर सही केली. मैदानासाठीचे आमचे अर्जही चालू आहेत, ते चालूच राहतील. तोवर फळ्याच्या कोपऱ्यातला तक्ता सातवीतली एक मुलगी लिहिते. काल चांदाची तेरा होती. पावणेपाचला आम्ही रेघा ओढल्या, साडेसहाच्या सुमारास मुली घरी गेल्या, आणि पाणी हळूहळू वर येऊन रेघा पुसू लागले. आज पुन्हा ओढायच्या आहेत, पाऊण तास उशिरा.